ट्रॅकबॉल पारखायचा कसा: पहिल्या दहा मिनिटांवर निकाल देऊ नका

ट्रॅकबॉल म्हणजे माउसचंच काम करणारं, पण जागचं न हलणारं यंत्र; त्यातला बॉल बोटाने फिरवून कर्सर हलवायचा. तो हातात आला की जवळपास प्रत्येकजण आधी बॉल गरकन फिरवून बघतो. जितका वेळ फिरत राहील तितका चांगला, असं मनाशी ठरवून टाकतो. मग दहा मिनिटं कर्सर इकडेतिकडे पळवतो, बारक्या चौकटीवर नेम लागत नाही म्हणून वैतागतो, आणि एकतर लगेच परत करतो किंवा ‘होईल सवय’ म्हणत महिनाभर चुकीच्या सेटिंगवर अंगठा झिजवतो.

बॉल किती वेळ फिरत राहतो यावरून रोजच्या कामाचं काही कळत नाही. तो हलक्या दाबाला सुटला पाहिजे आणि सोडला की जागच्या जागी थांबला पाहिजे. पारख करायची ती याची, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. आधी हात, मग यंत्र, मग सेटिंग, आणि सवयीचा प्रश्न सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. मी माझा पहिला ट्रॅकबॉल चौथ्या दिवशी परत केला होता, बॉल अडखळतो म्हणून. बॉल बिचारा ठीक होता. रिसीव्हर (ट्रॅकबॉलचा बिनतारी सिग्नल पकडणारा, संगणकात खोचायचा तुकडा) बाहेरच्या हार्ड डिस्कला खेटून असलेल्या पोर्टात खोचलेला होता आणि अडखळत होता तो सिग्नल. हे कळेपर्यंत दुसराही ट्रॅकबॉल घेऊन झाला होता.

पूर्वतयारी

सामान फारसं लागत नाही. एक पट्टी, सुती मऊ कापड, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, वही, आणि कर्सरची जागा आकड्यांत दाखवणारं एखादं चित्र काढायचं सॉफ्टवेअर. विंडोजवरच्या पेंटमध्ये खालच्या पट्टीत हे आकडे दिसतात, गिंपमध्येही दिसतात. आकडे नसतील तर पुढची निम्मी तपासणी नुसती ‘वाटतंय’वर जाईल.

याशिवाय दोन आठवडे हवेत. ज्या आठवड्यात काम वेळेत द्यायचं आहे त्या आठवड्यात सुरुवात करू नका. घाईत माणूस पहिल्या चुकीला माउसकडे वळतो आणि सगळ्या नोंदी वाया जातात.

वायरलेस ट्रॅकबॉल असेल तर रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलवर लावून टेबलावर, ट्रॅकबॉलपासून वीतभर अंतरावर ठेवा. यूएसबी ३ च्या पोर्टातून, हबमधून किंवा डिस्कमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि हे रिसीव्हर नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. ब्लूटूथ आणि रिसीव्हर दोन्ही सोयी असतील तर पारख रिसीव्हरवर करा. ब्लूटूथ नंतर वेगळं तपासता येतं.

टप्पा १: आधी माउसची नोंद घ्या

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. ट्रॅकबॉलवर नेम लागायला वेळ लागतोय हे जाणवतं, पण माउसवर किती लागत होता हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून हातातल्या माउसवर खालची पाच कामं आधी करून वेळ लिहून ठेवा.

१. पेंटमध्ये ६४ पिक्सेलच्या दोन चौकटी काढा, मध्यापासून मध्यापर्यंत ५१२ पिक्सेल अंतरावर. लहान ब्रश घेऊन आळीपाळीने दोन्हींत २० क्लिक करा.
२. तेच १६ पिक्सेलच्या चौकटींवर, १०२४ पिक्सेल अंतराने.
३. मजकुरात एका ओळीच्या मधल्या शब्दापासून तीन ओळी खालच्या मधल्या शब्दापर्यंत निवड करा. दहा वेळा.
४. दहा फाइली एकेक करून स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाच्या फोल्डरमध्ये ओढून टाका.
५. एका विंडोचा कोपरा पकडून ती लहानमोठी करा. दहा वेळा.

ब्रश घ्यायला सांगितलं त्यामागे कारण आहे. प्रत्येक क्लिकचा ठिपका कागदावर राहतो, त्यामुळे चौकटीबाहेर किती पडले ते नंतर निवांत मोजता येतं. आणखी एक गंमत टप्पा ७ मध्ये येईल.

*तपासा:* प्रत्येक कामासमोर दोन आकडे हवेत, लागलेले सेकंद आणि झालेल्या चुका. नुसती वेळ लिहिली तर घाईघाईने चुकत केलेलं कामही ‘वेगवान’ ठरतं.

टप्पा २: अंगठ्याचा की बोटांचा

ट्रॅकबॉलचे ढोबळ दोन वर्ग. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलमध्ये बॉल डाव्या कुशीत असतो, अंगठा तो फिरवतो आणि क्लिक नेहमीप्रमाणे तर्जनीने होतं. बोटांच्या ट्रॅकबॉलमध्ये बॉल मध्यभागी असतो, तो तर्जनी आणि मधल्या बोटाने फिरतो आणि डावं क्लिक बहुतेक वेळा अंगठ्याकडे येतं.

बॉलच्या आकारात मोठा फरक आहे. लॉजिटेकच्या एम५७५ मध्ये ३४ मिलिमीटरचा बॉल आहे, केन्सिंग्टनच्या ऑर्बिटमध्ये ४० चा, एलेकॉमच्या ह्यूजमध्ये ५२ चा आणि केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माउसमध्ये ५५ चा. बॉल मोठा असला की बोटाला एका फेकीत (म्हणजे बोटाच्या एका सलग हालचालीत) जास्त पृष्ठभाग मिळतो आणि बारीक हालचालीला वावही मिळतो. लहान बॉल अंगठ्याखाली नीट बसतो, पण अंगठा बाजूला जितका सहज वळतो तितका वरखाली वळत नाही. म्हणून अंगठ्याच्या ट्रॅकबॉलवर आडवी रेघ सरळ येते आणि उभी रेघ वाकडी, ही तक्रार हमखास ऐकू येते. तो यंत्राचा दोष नाही, अंगठ्याची ठेवण तशी आहे.

हात ठेवून बघताना नेहमीची चूक म्हणजे तळहात दाबून, बोटं ताणून बघणं. तसं करू नका. डोळे मिटून हात सैल सोडा आणि यंत्रावर टेकवा. डोळे उघडल्यावर बोटांची टोकं बॉलच्या कुठल्या भागावर आहेत ते बघा. वरच्या माथ्याच्या थोडं अलीकडे असतील तर मेळ आहे. टोकं माथा ओलांडून पलीकडे जात असतील तर यंत्र हाताला लहान आहे. माथ्यापर्यंत पोचायला बोट सरळ करावं लागत असेल तर मोठं आहे.

डावखुऱ्यांसाठी वेगळं सांगायला नको, पण सांगतो: अंगठ्याचे बहुतेक ट्रॅकबॉल उजव्या हातासाठीच घडवलेले असतात. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे बोटांचे ट्रॅकबॉल डाव्या हातालाही चालतात, फक्त बटणांची अदलाबदल करावी लागते.

*सावधान:* अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला आधीच दुखत असेल तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल ‘आराम मिळेल’ म्हणून घेऊ नका. दुखऱ्या अवयवावर सगळा भार टाकल्यासारखं होईल. अशा वेळी बोटांचा प्रकार बघा आणि दुखणं डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ३: टेबल आणि मनगट

ट्रॅकबॉल जागचा हलत नाही, म्हणून तो कुठेही ठेवला तरी चालतो असं वाटतं. उलट, माउसवर हात सतत सरकत असल्याने वाईट ठेवणही थोडीफार लपते. इथे हात तासन्‌तास एकाच कोनात राहतो आणि कोन चुकीचा असेल तर तोच तासन्‌तास भोगावा लागतो.

कोपर अंगालगत, साधारण काटकोनात. ट्रॅकबॉल कीबोर्डला जमेल तितका चिकटून. आता पट्टी घ्या आणि कोपराखालच्या हाताच्या वरच्या बाजूपासून तळव्याच्या पाठीपर्यंत टेकवा. हात ट्रॅकबॉलवर असताना पट्टी दोन्हीकडे टेकली तर मनगट सरळ आहे. मनगटापाशी पट्टीखाली खड्डा पडून ती अधांतरी राहिली तर हात वरच्या बाजूला मुडपलाय. उंच बोटांच्या ट्रॅकबॉलवर हे नेहमी होतं. मनगटाखाली आधार द्या किंवा खुर्ची थोडी वर घ्या. काही ट्रॅकबॉलना कलता तळ असतो, लॉजिटेकच्या एमएक्स एर्गोमध्ये ० आणि २० अंश असे दोन कोन आहेत. दोन्ही किमान एकेक दिवस वापरा, लगेच एक निवडू नका.

टप्पा ४: बॉल बाहेर काढा

नवाकोरा असला तरी. एम५७५ सारख्या यंत्राच्या तळाला भोक असतं, त्यातून पेन्सिलीच्या बोथट टोकाने बॉल वर ढकलायचा. मोठ्या बॉलची काही यंत्रं नुसती उलटी केली की बॉल हातात येतो. हात तयार ठेवा, नाहीतर तो फरशीवर पडतो आणि त्यावर उठलेला टवका पुढे प्रत्येक फेरीला बोटाला जाणवतो.

आत वाटीत बघा. बहुतेक ट्रॅकबॉलमध्ये तीन बारीक कडक मणी दिसतील. बॉल या तीन बिंदूंवर टेकलेला असतो आणि त्यांच्यावरून घसरत फिरतो. काही यंत्रांत मण्यांऐवजी छोटे फिरते बेअरिंग असतात. त्यांवर बॉल लवकर सुटतो, पण आवाज जास्त येतो आणि काही रचनांत एका दिशेला हलका तर दुसऱ्या दिशेला जड लागतो. मण्यांचं दुखणं उलटं. फिरताना सगळीकडे सारखं वाटतं, पण पूर्ण थांबलेला बॉल हलवायला क्षणभर जास्त जोर लागतो आणि मग तो एकदम सुटतो. बारीक कामात कर्सर ‘उडी मारतो’ तो यामुळेच.

वापरलेल्या ट्रॅकबॉलमध्ये प्रत्येक मण्याभोवती करड्या मळाचं कडं दिसेल, कापसाच्या वातीसारखं. कापूस लावलेल्या काडीने ते काढा, बॉल कोरड्या कापडाने पुसा. बॉलची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेवर फुंकर पुरे. मग तीनही मण्यांवर नखाचं टोक हलकेच फिरवून बघा. मणी झिजून माथा सपाट झाला असेल तर ते नखाला कळतं.

*सावधान:* तेल, ग्रीस, गंज सुटण्यासाठी फवारतात तसला कुठलाही द्रव वाटीत घालू नका. दोन दिवस बॉल लोण्यासारखा फिरेल, नंतर त्याच तेलावर धूळ बसून पेस्ट होईल, आणि सेन्सरच्या काचेवर थर चढला तर कर्सर भरकटेल. नवा बॉल पहिले काही दिवस कोरडा, किंचित चिकट लागतो. हाताच्या त्वचेचा स्निग्धपणा लागला की तो आपोआप सुटतो. फारच घाई असेल तर स्वच्छ हाताच्या तळव्यावर बॉल दोन मिनिटं घोळवा.

टप्पा ५: सुटणं आणि थांबणं

बॉल परत बसवा. प्रवेग, म्हणजे बॉल जोरात फिरवला की कर्सर आणखी लांब नेणारी सोय, आधी बंद करा. विंडोजमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढायची. मॅकओएसमध्ये २०२२ च्या व्हेंचुरापासून माउसच्या सेटिंगमध्ये पॉइंटर अ‍ॅक्सिलरेशन बंद करता येतं. लिनक्सवर लिबइनपुटचं (माउस-कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागाचं) ‘फ्लॅट’ प्रोफाइल निवडा. डीपीआय (सेन्सरची मोजणी किती बारीक ते सांगणारा आकडा, खुलासा टप्पा ६ मध्ये) बदलता येत असेल तर ८००च्या आसपास ठेवा. हे कायमचं सेटिंग नाही, मोजणीपुरतं आहे. प्रवेग चालू असेल तर बॉलने काय केलं आणि संगणकाने त्यात काय भर घातली हे वेगळं काढता येत नाही.

पेंट उघडा. कर्सर कुठेही थांबवा, समजा आकडे ३१२, २४० आहेत. हात पूर्ण स्थिर होऊ द्या, तीन सेकंद जाऊ द्या. आता बोटाच्या टोकाने कर्सर फक्त एक पिक्सेल उजवीकडे न्यायचा प्रयत्न करा. ३१३ आलं? की एकदम ३१७? दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे, वर आणि खाली. पहिल्या हालचालीत तीन पिक्सेलपेक्षा जास्त उडी किती वेळा झाली ते लिहा.

माझा अंदाजे निकष असा. चाळीसपैकी पाचसहा उड्या म्हणजे चांगला. पंधराच्या वर गेला तर बॉल काढून पुन्हा पुसा आणि मोजणी पुन्हा करा. तरीही तसाच राहिला आणि तुमचं काम फोटो कापणं, नकाशे रेखाटणं अशा बारीक स्वरूपाचं असेल, तर हा नग तुमच्यासाठी नाही. नुसतं वाचन आणि लेखन असेल तर इतक्या उड्या चालून जातात.

एकाच दिशेला उड्या जास्त दिसल्या तर यंत्र टेबलावर अर्धा फेरा वळवून तीच चाचणी करा. त्रास यंत्राबरोबर वळला तर मणी किंवा बेअरिंगमध्ये काहीतरी आहे. वळला नाही तर तुमच्या बोटाची चाल तशी आहे.

थांबण्याची चाचणी सोपी आहे. बॉलला झटका द्या आणि कर्सर स्क्रीनच्या मध्यावर येताच बोट ठेवून थांबवा. बोट ठेवल्यावर आकडे किती पुढे सरकतात ते बघा. जड बॉल फेकला की छान धावतो, पण थांबवताना बोटाखालून निसटतोही. गरकन फिरणाऱ्या बॉलचं कौतुक मला म्हणूनच कधी समजलं नाही.

टप्पा ६: वेग बसवा, हिशोब करून

सर्वांत जास्त ट्रॅकबॉल या टप्प्यावर नापास होतात, आणि बहुतेक वेळा विनाकारण. माउसचाच वेग तसाच ठेवून लोक ट्रॅकबॉल वापरतात.

डीपीआय म्हणजे बॉलचा पृष्ठभाग एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, सरकला की सेन्सर किती पावलं मोजतो. विंडोजच्या जुन्या माउस खिडकीतली वेगाची पट्टी अकरा खुणांची आहे, तिच्या सहाव्या खुणेवर आणि प्रवेग बंद असताना एक पाऊल म्हणजे एक पिक्सेल. आता अंगठा न ताणता एका फेकीत बॉल साधारण ३० मिलिमीटर फिरवतो असं धरा. ४०० डीपीआयवर कर्सर जाईल जेमतेम ४७० पिक्सेल. १९२० पिक्सेलची स्क्रीन ओलांडायला चार फेका लागतील. दिवसभरात हजारभर वेळा असं झालं की अंगठा बोलायला लागणारच. १००० डीपीआयवर एका फेकीत सुमारे ११८० पिक्सेल, १६०० वर जवळपास पूर्ण स्क्रीन. बोटांच्या मोठ्या बॉलवर एक फेक ६० मिलिमीटरची असेल तर ८०० डीपीआयलाच स्क्रीन पार होते.

तुमची फेक किती ते मोजा. बॉलवर धुऊन जाणाऱ्या शाईचा एक ठिपका काढा, एका सहज हालचालीत तो किती सरकतो ते बघा, आणि वरचा हिशोब लावा. दीड ते दोन फेकांत स्क्रीन पार व्हावी, इतका वेग सुरुवातीला पुरे. एका फेकीचा हट्ट धरलात तर बारीक नेम सुटतो. स्क्रीन ३८४० पिक्सेलची असेल किंवा दोन स्क्रीन शेजारी असतील तर आकडे त्या प्रमाणात वाढवा.

आता प्रवेग परत चालू करून बघा. ‘प्रवेग नेहमी बंद ठेवा’ हा सल्ला माउसवर खेळ खेळणाऱ्यांकडून आलेला आहे आणि ट्रॅकबॉलला तो सरसकट लावू नये. इथे हळू फिरवलं तर बारीक हालचाल आणि झटका दिला तर लांब पल्ला, या दोन्ही गोष्टी लागतात आणि प्रवेग नेमकं तेच देतो. मी स्वतः प्रवेग चालू ठेवतो आणि डीपीआय थोडा कमी. तुम्ही दोन्ही पद्धती दोन-दोन दिवस वापरा, मग एक धरा.

*सावधान:* एकदा धरलेलं सेटिंग पुढचे सात दिवस बदलू नका. रोज वेग बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही, आणि मग दोष बॉलला जातो.

टप्पा ७: नेम

टप्पा १ मधलं पहिलं आणि दुसरं काम आता ट्रॅकबॉलवर करा.

दोन वेगळ्या आकारांच्या चौकटी का, तर अवघडपणा अंतर आणि आकार यांच्या गुणोत्तरावर ठरतो. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम तो हाच. आज वापरात असलेल्या सूत्रात अंतर भागिले रुंदी, त्यात एक मिळवायचा आणि दोनच्या पायाचा लॉगरिदम घ्यायचा. ५१२ अंतर आणि ६४ रुंदी म्हणजे सुमारे ३.२ बिट (बिट हे इथे अवघडपणाचं माप). १०२४ आणि १६ म्हणजे ६ बिट. पहिलं काम कुणालाही जमतं, दुसऱ्यात यंत्राची खरी ओळख होते. आयएसओ ९२४१-४११ या मानकातही अशाच निशाण्यांवर, फक्त त्या वर्तुळात मांडून, चाचणी घेतात.

ठिपक्यांकडे बारकाईने बघा. माउसवर ते गोल उमटले असतील. ट्रॅकबॉलवर काही ठिपक्यांना छोटी शेपटी दिसेल. म्हणजे बटण दाबताना बॉल हलला. वीस ठिपक्यांपैकी शेपट्या किती आणि कोणत्या दिशेला, ते लिहा. सगळ्या शेपट्या खालच्या दिशेला असतील तर बटण दाबताना पूर्ण हात खाली जातोय. बटण कडक आहे किंवा मनगट अधांतरी आहे, टप्पा ३ कडे परत जा. शेपट्या वाटेल त्या दिशांना असतील तर बॉलवरचं बोट क्लिकच्या वेळी सैल पडत नाही. ते सवयीने सुधारतं.

*तपासा:* ठिपके चौकटीच्या पलीकडे पडत असतील तर वेग जास्त आहे. अलीकडे पडत असतील तर कमी आहे. विखुरलेले असतील तर वेगाला हात लावू नका, अजून हात बसायचा आहे.

टप्पा ८: ड्रॅग

इथे ट्रॅकबॉल उघडा पडतो. १९९१ मध्ये मॅकेंझी, सेलन आणि बक्स्टन या संशोधकांनी माउस, टॅबलेटवरचा स्टायलस (पेनसारखी काडी) आणि ट्रॅकबॉल यांची तुलना केली होती. त्यात ट्रॅकबॉल एकूणच मागे पडला, आणि ओढण्याच्या कामात तर चुका फार झाल्या. कारण हातात आहे. माउसमध्ये बटण धरून ठेवणं बोटाकडे आणि सरकवणं मनगटाकडे किंवा दंडाकडे असतं. ट्रॅकबॉलमध्ये दोन्ही कामं एकाच पंजातल्या बोटांना करावी लागतात. एक बोट दाबून धरलेलं, दुसरं फिरतं. मधूनच बॉलवरचं बोट उचलून पुन्हा सुरुवातीला आणायचं, आणि तेवढ्यात बटणावरची पकड सुटते. फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते.

तिसरं, चौथं आणि पाचवं काम करताना वेळेपेक्षा फाइल किंवा निवड मध्येच किती वेळा सुटली ते मोजा. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलवर हे थोडं सोपं जातं, कारण क्लिकचं बोट आणि बॉलचा अंगठा दूर आहेत. बोटांच्या ट्रॅकबॉलवर डावं क्लिक अंगठ्याने धरून ठेवताना अंगठ्याचा गादीसारखा भाग थकतो का, तेही बघा.

नापास ठरवण्याआधी तीन उपाय करून बघा:

– ओढण्याचं अंतर एका फेकीपेक्षा जास्त असेल तर बोट उचलावंच लागतं. म्हणून नेहमीच्या ओढण्यापुरता तरी वेग वाढवा.
– विंडोजमध्ये ‘क्लिकलॉक’ नावाची सोय आहे. बटण क्षणभर दाबून सोडलं की ते धरलेलंच राहतं, पुन्हा क्लिक केलं की सुटतं. काही ट्रॅकबॉलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या जादा बटणाला हेच काम देता येतं, आणि ते जास्त सोयीचं.
– मजकूर निवडताना ओढूच नका. सुरुवातीला क्लिक, शेवटी शिफ्ट धरून क्लिक. फाइलींसाठी कापा-चिकटवा.

तिसरा उपाय पळवाट वाटेल, पण ट्रॅकबॉल वर्षानुवर्षं वापरणारे बहुतेकजण तेच करतात. चित्र रेखाटणाऱ्याला मात्र ही पळवाट नाही. दिवसातले दोनतीन तास ओढण्यात जात असतील तर हा टप्पा बाकी सगळ्यांपेक्षा जड धरा.

टप्पा ९: स्क्रोल आणि बटणं

चाक, बॉलभोवतीचं कडं, बॉल जागच्या जागी पिळून स्क्रोल, किंवा एक बटण धरून बॉलनेच स्क्रोल, असे प्रकार आढळतात. लांब दस्तऐवजाच्या पहिल्या पानावरून चाळिसाव्या पानावर जा आणि परत या. हात जागचा उठला तर ती सोय तुमच्या हाताची नाही. दुहेरी क्लिक पन्नास वेळा करा आणि एकेरी क्लिकही पन्नास वेळा. एकेरी दाबल्यावर दुहेरी लागलं तर नग बदलून घ्या, ते सेटिंगने जात नाही.

टप्पा १०: दोन आठवडे

पहिले तीन दिवस मोजायचं नाही. नुसतं वापरायचं. माउस टेबलावरून उचलून खणात ठेवा. तो समोर असला की हात तिकडेच जातो. चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पाचही कामं पुन्हा करा, शक्यतो एकाच वेळेला. संध्याकाळचा थकलेला हात आणि सकाळचा ताजा हात यांची तुलना होत नाही.

वेळेसोबत रोज एका ओळीत शरीराची नोंदही ठेवा: अंगठा, मनगट, कोपर, खांदा, मान. माउसवरून आलेल्यांना खांदा मोकळा झाल्याचं लवकर जाणवतं आणि बोटांच्या स्नायूंत नवा थकवा येतो. तो थकवा रात्रीत उतरला पाहिजे.

*सावधान:* सकाळी उठल्यावरही दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा अंगठा वळवताना कळ येत असेल तर चौदा दिवस पुरे करायचा हट्ट सोडा. त्याच दिवशी थांबा.

आठवड्यातून एकदा बॉल काढून मण्यांचा मळ पुसा, मग टप्पा ५ ची चाळीस हालचालींची मोजणी करा. मळ किती दिवसांत साचतो ते इथेच समजतं. माझ्याकडे स्वेटरच्या दिवसांत तो चार दिवसांत साचतो, एरवी दोन आठवडे लागत नाहीत.

टप्पा ११: ठेवायचा की परत करायचा

परत करण्याची मुदत चौदा दिवसांहून कमी असेल तर टप्पा २ ते ५ पहिल्याच दिवशी उरका. नगाचा दोष तिथे सापडतो आणि त्याला सवयीची वाट बघावी लागत नाही. खोकं आणि आतला पुठ्ठा तोपर्यंत जपा.

चौदाव्या दिवसाचे आकडे माउसच्या आकड्यांशेजारी मांडा. नेमाच्या पहिल्या कामात वेळ माउसच्या जवळ आली असेल आणि चौथ्या दिवसापासून सतत उतरत असेल तर ठेवा, भले दुसऱ्या कामात अजून मागे असाल. सातव्या आणि चौदाव्या दिवशी आकडा तोच राहिला असेल आणि शेपट्याही तेवढ्याच असतील तर आणखी दोन आठवड्यांनी फार फरक पडत नाही. असं झालं तर ट्रॅकबॉल हा प्रकारच बाद करण्याआधी दुसरा वर्ग बघा. अंगठ्याचा जमला नाही त्याला बोटांचा जमतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. वही ठेवलेली असली तर दुसऱ्या वेळी टप्पा १ पुन्हा करावा लागत नाही.